अहिरीबद्दल तुमचं बरोबर, वामीबद्दल माझं

नमस्कार,

‘वाम, अहिर, निवट्या’ या माझ्या लेखावर तुम्ही सांगलीहून लिहिलेली प्रतिक्रिया वाचून आधी चिडलो, मग मामाला फोन करून एकदोन गोष्टी विचारून घेतल्या आणि आता उत्तराला बसलोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. कोकणातले लोक कशालाही वाम म्हणतात, खरी वाम कृष्णेतली. ईलचं, म्हणजे सापासारख्या लांबट माशांचं, रक्त विषारी असतं आणि त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. पावसाळ्यात चढणीला आलेली, पोटात अंडी असलेली अहिर (नदीतली ईल) मारून खाणं हे पाप आहे. आणि शेवटचं, जे सगळ्यात जास्त लागलं: ‘लाइक मिळवायला असले विचित्र प्राणी खायचे आणि फोटो टाकायचे.’

लागलं तिथूनच सुरुवात करतो. माझं आजोळ गाबीत, म्हणजे मच्छीमारांचं, मालवणजवळच्या एका वाडीतलं. सासुरवाडी उरणची, आगरी. या दोन्ही घरांत मी पापलेट फारसं खाल्लेलं नाही, कारण पापलेट विकायचं असतं. सुरमई, हलवा, मोठी कोळंबी टोपलीतून थेट लिलावाला जातात. घरी येतं ते गिऱ्हाईक ज्याला हात लावत नाही ते. सापासारखी दिसते म्हणून वाम, चिखलात उड्या मारते म्हणून निवटी, शेपटीला काटा म्हणून पाकट. हे आमचं रोजचं कालवण होतं, त्याला ‘विचित्र’ हे नाव बाजाराने दिलं. बोंबलाचा चेहरा कधी नीट बघितलाय? जबडा फाकलेला, अंग जेलीसारखं लिबलिबीत. तो मुंबईने डोक्यावर घेतला म्हणून त्याला कोणी विचित्र म्हणत नाही, एवढंच.

आणि वाम टाकाऊ आहे असं व्यापाऱ्यालाही वाटत नाही, फक्त त्याला तिचं मांस नको असतं. तिच्या पोटातली हवेची पिशवी, जिला बोत म्हणतात, ती वाळवून परदेशी जाते. घोळ या मोठ्या समुद्री माशाच्या बोताचं तर काय विचारता. 2021 साली पालघरकडच्या मुरबे गावच्या एका नौकेला दीडशेवर घोळी मिळाल्या आणि त्यांचे सव्वा कोटीच्या वर पैसे झाले, ही बातमी तुम्हीही वाचली असेल. तो भाव माशाला नव्हता, पिशवीला होता. वामीची पिशवी घोळीइतकी महाग नाही, पण आमच्याकडेही ती आधी काढून बाजूला ठेवली जायची आणि उरलेली वाम आमच्या वाट्याला यायची. माझी तक्रार नाही. पिशवीला चव नसते.

आता नावाचं. इथे तुमचं निम्मं बरोबर आहे. तुमची कृष्णेची, भीमेची, उजनीच्या हॉटेलांतली वाम आणि आमची समुद्राची वाम या दोघींचं नातं फक्त लांबट अंगापुरतं आहे. तुमच्या वामीच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते आणि तोंड पुढे सोंडेसारखं निमुळतं. शास्त्राच्या हिशेबात ती खऱ्या ईलमध्ये मोडतच नाही. आमची वाम खरी ईल, समुद्रातच जन्मलेली आणि तिथेच मरणारी, जबड्यात कट्यारीसारखे दात. म्हणजे ‘खरी’ कोणती यावर भांडायचंच असेल तर निकाल तुमच्या विरुद्ध जाईल. पण मी भांडणार नाही. वाम हे लांबट, निसरड्या माशाचं नाव आहे, दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या पाण्यात ते ठेवलं. तिसरी ती अहिर. गोड्या पाण्यातली खरी ईल. मूळ लेखात मी तिघींना एका परिच्छेदात कोंबलं होतं, ही चूक माझी.

रक्ताचं मात्र मान्य, पूर्ण मान्य. आणि आता एक कबुली. ते लेखात आलं नाही कारण मला लाज वाटली. दोन वर्षांपूर्वी परसात अहिर साफ करताना घाम आला म्हणून मनगटाने कपाळ पुसलं आणि थोडं रक्त डोळ्यात गेलं. डोळा असा पेटला की संध्याकाळपर्यंत ओला फडका धरून बसलो होतो. मामी हसत होती. ‘अहिरीचा रगात डोळ्यात घालूक सांगितल्यान कोणी?’ तिला हे लहानपणापासून माहीत होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. तर सांगतो. अहिर आणि तिच्या जातकुळीतल्या ईलच्या रक्तात एक विषारी प्रथिन असतं. आंजेलो मोसो नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने 1888 मध्ये ते दाखवून दिलं. डोळ्यात, तोंडात, हाताच्या जखमेत ते जाऊ द्यायचं नाही. पण ते उष्णतेपुढे टिकत नाही, 60 अंशांच्या पुढे नीट शिजवलं की निकामी होतं. जपानी लोक कच्च्या माशासाठी जगभर प्रसिद्ध, पण ईल ते सहसा भाजून किंवा शिजवूनच खातात, त्याचं हेही एक कारण. आपल्याकडे मासा कच्चा कोण खातो? रटरट उकळलेल्या कालवणात ते उरत नाही.

याच्या उलट गोष्ट केंडाची, आणि ती मी मुद्दाम इथे घालतो, कारण ‘शिजवलं की सगळं जातं’ असा अर्थ कोणी काढू नये. केंड म्हणजे गरीला (गळाला) लागला की फुग्यासारखा टम्म फुगणारा. त्याचं विष शिजवून जात नाही, तळून जात नाही, मीठ लावून वाळवलं तरी जात नाही. कालवणात तर ते रश्श्यात उतरतं. यकृतात आणि गाबोळीत सगळ्यात जास्त. माणसाचे स्नायू ढिले पडत जातात, श्वास थांबतो, आणि त्यावर उतारा नाही. आमच्याकडे केंड आला की पायाने परत पाण्यात ढकलतात. बाकी कशाहीबद्दल मी ‘खाऊन बघा’ म्हणेन, केंडाबद्दल कधीच नाही.

आता पाप-पुण्याचा मुद्दा. इथे तुम्ही माहिती चुकीची दिलीत आणि निष्कर्ष मात्र बरोबर काढलात.

चढणीचे मासे म्हणजे पहिल्या पावसात नदीतून ओहळात, ओहळातून शेतात अंडी घालायला चढणारे. रायगडाकडे वळगण म्हणतात. त्यांच्या पोटात अंडी असतात हे खरं, आणि त्यांच्यावर काठ्या-कोयते घेऊन तुटून पडणं मलाही आता रुचत नाही. पण अहिर त्यांतली नाही. ती नदीत अंडी घालतच नाही. तिचा प्रवास उलटा. जन्म खोल समुद्रात, काचेसारखं पारदर्शक पिल्लू खाडीत शिरतं, करंगळीएवढं होऊन ओल्या कातळावरून, बंधाऱ्याच्या शेवाळलेल्या भिंतीवरून सरपटत वर जातं, आणि मग कुठल्यातरी कोंडीत, म्हणजे नदीतल्या खोल डोहात, दगडाच्या बिळात वर्षानुवर्षं राहतं. मनगटाएवढी जाड झाली, अंगात चरबी साठली की एखाद्या पावसाळ्यात पुराबरोबर ती खाली उतरते. तेव्हा तिने खाणं सोडलेलं असतं, आतडं आक्रसलेलं असतं. समुद्रात जाऊन एकदाच अंडी घालायची आणि मरायचं.

याचा अर्थ लक्षात आला का? मला तो तुमची प्रतिक्रिया वाचून मामाशी बोलताना लक्षात आला, तोवर पंचवीस वर्षं अहिर खाऊनही कधी डोक्यात आला नव्हता. नदीत सापडलेली प्रत्येक अहिर ही न व्यालेली असते. प्रत्येक. ‘एकदा विऊ दे, मग मारू’ हा हिशेब इतर माशांना लागू पडतो, म्हणून तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी आहे. अहिरीला तो लागूच होत नाही, कारण व्यालेली अहिर परत येत नाही. रात्री गांडूळ लावून टाकलेल्या गरीला लागलेली असो किंवा पुरात बांबूच्या सापळ्यात अडकलेली, दोन्ही तशाच. आणि वर जाणाऱ्या पिल्लांची वाट आपण बंधाऱ्याबंधाऱ्याला अडवलेली आहे. शिवाय कोंडीत ब्लीचिंग टाकणारे, करंट सोडणारे महाभाग आहेतच. बिळात लपलेली अहिर बाहेर यावी म्हणून अख्खी कोंड मारतात.

तेव्हा लेखातला अहिरीचा भाग, गळाला काय लावायचं आणि कुठल्या बिळात हात घालायचा त्यासकट, मी काल काढून टाकला. मामाला सांगितलं तर म्हणाला, ‘आता गावतंतच खय? तू काढलंस काय आणि ठेवलंस काय.’ हेही खरंच. तरी काढला.

वामीचं तसं नाही, म्हणून तो भाग राहील आणि तुमच्या ‘चिकट, काटेरी, चव नसलेली’ या शेऱ्याला उत्तरही द्यायला हवं. तुम्हाला मुंबईत कोणीतरी शेपटीकडच्या तुकड्या वाढल्या असणार. शेपटीकडे बारीक काटे मांसात विणलेले असतात, ते काढता येत नाहीत. क्योटोतले आचारी याच जातकुळीतल्या वामीला, ते तिला हामो म्हणतात, कातडी न तोडता 3 सेंटिमीटरांत 24-25 काप देतात, म्हणजे काटे इतके बारीक होतात की दाताला कळत नाहीत. जुलैतल्या गिओन उत्सवात तिचाच मान असतो. समुद्र दूर, पण वाम चिवट, उन्हाळ्यातही जिवंत पोचायची, म्हणून त्या शहराला ती मिळाली.

आमच्याकडे एवढा हात कोणाचा चालत नाही. सोपं असतं ते करतो. वाम नौकेवर आली की आधी डोक्यात दांडका, कारण ती चावते आणि सोडत नाही. मामाच्या अंगठ्यावर व्रण आहे. घरी आणली की उकळतं पाणी ओतायचं. अंगावरचा बुळबुळीत थर पांढरा होऊन गोठतो, तो सुरीच्या पाठीने खरवडायचा, मग मीठ आणि तांदळाच्या पिठाने चोळून धुवायची. आजी चुलीतल्या राखेने चोळायची. तुम्हाला जो चिकटपणा लागला तो ही पायरी टाळल्याचा. डोक्याकडचा जाड भाग तळायला, मधला सुक्याला. शेपटी फेकत नाहीत. ती हळद-मीठ घालून उकळायची, पाणी गाळून घ्यायचं आणि त्या पाण्यात ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे यांचं वाटप घालून वर ठेचलेली तिरफळं आणि सोलं टाकायची. काटे गाळणीत राहतात, चव सारात येते. तेल कमी घाला, वाम स्वतःच सोडते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीबरोबर जास्त चांगलं लागतं.

निवट्यांवर तुम्ही फक्त ‘शी’ लिहिलंय, तेव्हा तिथे वाद घालण्यासारखं काही नाही. सासूबाई ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायच्या, बिळाच्या एका तोंडाशी पाय दाबायच्या आणि दुसऱ्या तोंडाशी हात धरायच्या, निवटी आपोआप हातात. लसूण, आगरी मसाला, चिंच. आता त्या उतरत नाहीत. वय झालं हे एक, आणि ज्या चिखलात त्या उतरायच्या तो भरावाखाली गेला हे दुसरं.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या कृष्णेच्या वामीच्या पाठीवरची ती काट्यांची रांग तुमच्याकडे आधी कातडीसकट ओढून काढतात की तळल्यावर उपटतात? आमच्याकडे कोणाला सांगता येईना. पुढच्या महिन्यात मिरजेला लग्न आहे, तेव्हा खायचा बेत आहे.