कितली पयस?

आमच्या जळगावात मुलाचं लग्न ठरलं की पगार विचारतात आणि गाडी घेतली की अ‍ॅव्हरेज. विजेवरची छोटी, स्वस्तातली गाडी घेतली तेव्हा वाटलं, या दुसऱ्या प्रश्नातून तरी सुटलो. लोकांनी लगेच तिसरा काढला, किती वेगाने पळते हा. "भो, कितली पयस?"

खरं उत्तर 100. तिथे आकडा येतो आणि मांडी ठोकून बसतो. मी तसं सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू भरिताचं वांगं चिरलं आणि आत नुसत्या बिया निघाल्या. मी घाईघाईने पुरवणी जोडतो की चौपदरी महामार्गावर कारला कायद्यानेच 100 ची मर्यादा आहे. त्यावर शेजारचे आबा म्हणाले, "कायदा कोनले सांगी राहिना?"

मग मी अभ्यास केला. ताशी 100 किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी जगातली पहिली मोटारगाडी विजेवरचीच होती, हे सापडलं तेव्हा माझी छाती फुगली. 1899 साली, पॅरिसजवळ, कामीय जेनात्झी नावाचा बेल्जियन माणूस, वेग 105.88. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे सव्वाशे वरीसमा पाच किलोमीटर मांगे गयात तुम्ही." अभ्यास तिथेच थांबवला.

वास्तविक गावात ही गाडी वाघ आहे. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, गिअर बदलायची भानगड नाही. टॉवर चौकात सिग्नल सुटला की शेजारचा बुलेटवाला गिअर शोधत असतो आणि मी पलीकडे पोचलेला असतो. फक्त हा पराक्रम पन्नास मीटरचा. पुढे भाजीवाल्याची गाडी, दोन म्हशी, आणि बुलेटवाला पुन्हा शेजारी.

तर या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बायकोला माहेरी, धुळ्याला, सोडायचं होतं. 90 किलोमीटर. कागदावर रेंज, म्हणजे एका चार्जमधली धाव, 230, म्हणून निर्धास्त होतो. रात्री नेमकी वीज गेली, गाडी 70 टक्क्यांवर अडकली, तरी निघालो. एरंडोलपर्यंत साठ-पासष्टच्या वेगात छान गेलो, 51 टक्के उरले. पुढे रस्ता मोकळा दिसला आणि माझ्या डोक्यात आबा घुसले. म्हटलं, एकदा होऊन जाऊ दे.

शंभर लागले. गाडी हूं करून एकसुरी गात होती. आनंद साधारण चार मिनिटं टिकला. मग मागच्या सीटवरून चिरंजीव क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसे आकडे पुकारू लागले. "बाबा, 44. बाबा, 40." धावा चढतात, इथे उतरत होत्या. पण 100 वरून खाली यायला मन तयार होईना. 60 वरून 100 वर गेलं की हवेचा विरोध पावणेतीनपट होतो, हे मला पारोळ्याला कळलं, तेही 25 टक्के उरल्यावर. त्यात उन्हाळ्यातला पश्चिमेचा वारा थेट तोंडावर. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर हाच वारा पवनचक्क्या फिरवून वीज तयार करतो. पारोळ्याजवळ तो माझी खात होता.

धुळे अजून पस्तीस किलोमीटर. ए.सी. बंद केला. खिडक्या उघडल्या तर भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. वेग 45. बायकोला धीर देण्यासाठी सांगितलं की ब्रेक मारला की मोटर उलट काम करून थोडी वीज परत बॅटरीत भरते.

"मग ब्रेकच मारत चला ना," ती पदराने घाम पुसत म्हणाली.

केळीच्या ट्रकने ओव्हरटेक केलं. एसटीने केलं. मग एक कालीपिली जीप आली. मागे लटकलेले तिघे आम्हाला ओलांडताना बराच वेळ बघत राहिले. त्यातल्या एकाने हात हलवून काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही, पण ओठांवरून प्रश्न ओळखला.

सासऱ्यांच्या दारात पोचलो तेव्हा 8 टक्के होते. घरात 15 अँपिअरचा पॉइंट एकच, सासऱ्यांच्या खोलीतल्या ए.सी.चा. जावयाला नाही कोण म्हणणार? खिडकीतून वायर निघाली आणि गाडी ए.सी.च्या जागी लागली. पूर्ण चार्ज व्हायला सहा-सात तास. त्या वेळात मी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस हाणला, झोपलो, उठलो. सासरे ओसरीत उघड्या अंगाने, हातात पंखा घेऊन, गाडीकडे एकटक बघत बसलेले.

"जावईबापू, पोट भरनं का तिनं?"

"झालंच मामा, 83."

त्यांनी पंखा दुसऱ्या हातात घेतला. माझ्याकडे जरा सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पन पयस कितली?"