वाचायला कसं शिकवता, हे पालकांनाही सांगा

पहिलीपासून हिंदी आणणारा शासन निर्णय एप्रिल २०२५ मध्ये निघाला, महाराष्ट्र पेटून उठला आणि २९ जूनला सरकारने माघार घेतली. न्यू जर्सीत बसून ती सगळी चर्चा मी रोज वाचत होते. विरोध करणाऱ्यांच्या बाजूची होते, आजही आहे. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये. पण एका गोष्टीची रुखरुख लागून राहिली. भाषा कोणती, यावर एवढं रण माजलं. पण जी पहिली भाषा आहे ती मूल वाचायला शिकतं कसं आणि शाळा ते आईबापांना सांगते का, हा प्रश्न काही माझ्या वाचनात आला नाही.

इथे सप्टेंबरात शाळा सुरू झाली की एका संध्याकाळी फक्त पालकांना वर्गात बोलावतात. मुलीच्या पहिलीच्या बाईंनी फळ्यावर तीन चौकोन काढले आणि ‘शिप’ हा इंग्रजी शब्द त्यात बसवून दाखवला. अक्षरं चार पण आवाज तीन, म्हणून एस आणि एच एकाच चौकोनात. मग त्यांनी सांगितलं, की मूल शब्दापाशी अडलं तर चित्र बघून ओळखायला लावू नका; अक्षरांखाली बोट फिरवत आवाज जोडू द्या, वेळ लागला तरी चालेल. लेखनात वर्षभरात गोष्ट, माहिती आणि स्वतःचं मत, तिन्ही येणार हेही कळलं. एका तेलुगू बाबांनी विचारलं, घरी आता इंग्रजीच बोलायचं का? अजिबात नको, बाई म्हणाल्या. तुमच्या भाषेत भरपूर बोला, गोष्टी वाचून दाखवा. शब्द आणि समज तिथेच वाढते.

म्हणून अमेरिकेचं सगळं छान, असं मी म्हणणार नाही. चित्रावरून शब्द ओळखण्याची पद्धत इथल्या असंख्य शाळांनी वर्षानुवर्षं चालवली. आवाज आणि अक्षर यांची सांगड पद्धतशीर शिकवावी लागते, हे राष्ट्रीय वाचन समितीने २००० सालीच सांगितलं होतं. तरी कित्येक पालकांना मूल नुसतंच अंदाज बांधतंय हे कळलं ते २०२० मध्ये, कोविडमुळे वर्ग घरातल्या पडद्यावर आला तेव्हा. न्यूयॉर्क शहराने आपल्या प्राथमिक शाळांचा वाचनाचा अभ्यासक्रम बदलायला घेतला तो २०२३ मध्ये. त्याआधीही पालकसभा होतच होत्या. म्हणजे सभा भरवली की काम झालं, असं नाही. पालकाला नेमकं काय विचारायचं ते कळलं पाहिजे. मिसिसिपीसारख्या गरीब राज्याने २०१३ मध्ये कायदाच केला. मूल वाचनात मागे असेल तर पालकांना लेखी कळवायचं आणि घरी काय करून घ्यायचं तेही सांगायचं. सोबत शिक्षकांचं प्रशिक्षण होतं आणि वाचता न येणाऱ्या मुलाला तिसरीतच ठेवण्याची कडक चाळणीही होती. २०१९ पर्यंत तिथली चौथीची मुलं वाचनात देशाच्या सरासरीला पोचली.

आता आपल्याकडचं. अनेक शाळांत आता अ ते ज्ञ अशी सगळी मुळाक्षरं आधी घोटून घेत नाहीत. थोडी अक्षरं, सोबत काना किंवा वेलांटी, आणि लगेच त्यातून शब्द: काका, मामा, काम. मूल काही दिवसांतच अर्थाचं काहीतरी वाचतं. शिवाय ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारात नंतर, अशा जागी मुलं अडखळतात; तिथे शिक्षकाला थांबावं लागतं. घरी मात्र आजी म्हणते, दिवाळी आली तरी पोराला बाराखडी येत नाही, शाळेत शिकवतात तरी काय! आणि शिकवणी लागते, तिथे पुन्हा अ अननसाचा. आजीचं काही चुकत नाही. तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

हे सांगण्याचं काम महाराष्ट्रात कुणीच करत नाही असंही नाही. जिल्हा परिषद शाळांमध्ये ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात मेळावे भरतात, गावात आयांचे गट होतात, त्यांच्या हातात घरी करून घ्यायच्या कृतींची कार्डं दिली जातात. पुण्या-मुंबईत भरमसाट फी भरणाऱ्या माझ्या मैत्रिणींना त्यांच्या शाळांनी गणवेशाचं दुकान आणि फीच्या तारखा कळवल्या. वाचनाबद्दल एक ओळ नाही. या बाबतीत अशा शाळांनी न्यू जर्सीकडे नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेकडे बघावं.

जूनमध्ये एक शनिवार पुरे. पहिलीच्या बाईंनी फळ्यावर अक्षरांचा पहिला गट लिहावा, त्यातून शब्द करून दाखवावेत, दिवाळीपर्यंत मूल काय वाचेल ते सांगावं, आणि नाही वाचलं तर शाळा काय करणार तेही. सभेची सूचना आली नाही, तर पालकांनीच मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी करावी. हिंदीच्या निर्णयावर सह्या गोळा करणारे हजारो हात आपल्याकडे आहेतच.