सूड १८५४चा, गुन्हा १८५७चा

"जुन्या हॉलिवूडला इतिहासाची चाड होती, एरॉल फ्लिनचे सिनेमे बघितले की शाळेचं पुस्तक उघडायला नको" असा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या फिरतोय. फ्लिन म्हणजे त्या काळातला हॉलिवूडचा नामांकित नायक. परवा मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर "मुलांना जरूर दाखवा" अशी पुस्तीही जोडली. मामा, सिनेमे खुशाल दाखवा, पण हा फॉरवर्ड नको.

पहिलाच दावा घ्या. 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' (१९३६) मध्ये म्हणे हिंदुस्थानातल्या कत्तलीचा सूड घ्यायला ब्रिटिश घोडदळ बालाक्लाव्हाला रशियन तोफांवर धावून गेलं, ते "जसं घडलं तसं" दाखवलंय. अहो, बालाक्लाव्हाची लढाई क्रिमियन युद्धातली, २५ ऑक्टोबर १८५४ची. आणि सिनेमातली कत्तल? वेढ्यातले इंग्रज शरण येतात, सुखरूप जाऊ देण्याचं वचन मिळतं, नदीवर होड्या तयार असतात आणि तिथेच गोळीबार सुरू होतो. हा सरळसरळ कानपूरचा सतीचौरा घाट आहे, २७ जून १८५७. म्हणजे गुन्हा घडायच्या अडीच वर्षं आधीच सूड उगवून मोकळे!

सूड ज्याच्यावर, तो सुरिस्तानचा सुरत खान. असं राज्य कुठल्याच नकाशावर नाही. त्याचं गाऱ्हाणं मात्र आपल्या ओळखीचं आहे: बापाचा तनखा इंग्रजांनी मुलाला नाकारला. दुसरे बाजीराव १८५१ मध्ये बिठूरला वारले आणि त्यांचा सालीना ८ लाखांचा तनखा कंपनीने नानासाहेबांना दिला नाही. तेवढा धागा खऱ्यातून उचललाय, कबूल. पण पुढे याच खानाला रशियनांच्या गोटात नेऊन बसवलंय आणि फ्लिनच्या भाल्याने मारलंय, त्याचं काय?

खरा हल्ला झाला तो हुकमाच्या घोटाळ्यातून. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर होता. तुर्कांकडून घेतलेल्या तोफा रशियन ओढून नेतील अशी त्याला धास्ती. खाली घोडदळाचा प्रमुख लॉर्ड लुकनला त्या तोफा दिसतच नव्हत्या. "कुठल्या तोफा?" असं त्याने विचारल्यावर हुकूम घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनने हात केला तो दरीच्या दिशेने, आणि सुमारे ६७० स्वार तीन बाजूंच्या माऱ्यात शिरले. नोलन सुरुवातीलाच मेला, त्यामुळे त्याला जाब विचारायचीही सोय उरली नाही. सिनेमात हाच हुकूम फ्लिनचा व्हिकर्स मुद्दाम बदलतो. साहेबांचा गलथानपणा गायब, नायकाचा त्याग हजर.

पुरावा हवा असेल तर पुस्तकं राहू द्या, सिनेमाच लावा. सुरुवातीच्या पाटीवर लिहिलंय की पाया इतिहासाचा असला तरी कथा, प्रसंग आणि बरीच पात्रं काल्पनिक आहेत. वॉर्नर ब्रदर्सना जे कबूल, ते फॉरवर्डवाल्याला नाही.

दुसरा दावा, अमेरिकन घोडदळाचा अधिकारी कस्टर तिथल्या मूळनिवाशांचा कैवारी होता. 'दे डाइड विथ देअर बूट्स ऑन' (१९४१) मध्ये तो (फ्लिनच) ब्लॅक हिल्सचा डोंगराळ भाग मूळनिवाशांकडेच राहील हा दिलेला शब्द पाळायला धडपडतो. खऱ्या कस्टरने १८७४ मध्ये त्याच ब्लॅक हिल्समध्ये मोहीम नेली आणि सोन्याची बातमी तिथूनच फुटली. त्याआधी नोव्हेंबर १८६८ मध्ये वॉशिता नदीकाठच्या शायान जमातीच्या वस्तीवर त्याने पहाटे हल्ला केला. म्होरक्या ब्लॅक केटल आणि त्याची बायको, दोघंही मारले गेले. म्हणे कैवारी! वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत तो १८६१च्या तुकडीत सगळ्यांत शेवटी होता, हे मात्र खरं, आणि सिनेमातला उनाड विद्यार्थी तेवढ्यापुरता पटतो.

'सांता फे ट्रेल' (१९४०) मध्ये स्टुअर्ट हा दुसरा अमेरिकन लष्करी अधिकारी (इथे फ्लिन) आणि कस्टर १८५४ला वेस्ट पॉइंटमधून एकत्र पदवीधर होतात. स्टुअर्ट त्याच सालचा. कस्टर तेव्हा १४ वर्षांचा होता.

"फ्लिन जातिवंत आयरिश" ही स्टुडिओच्या प्रसिद्धीवाल्यांची थाप. जन्म १९०९, होबार्ट, टास्मानिया.

शेवटचा मुद्दा "घोड्यांचे प्रसंग अस्सल" हा. हो, ते अस्सल आहेत. 'लाइट ब्रिगेड'च्या चित्रीकरणात घोड्यांच्या पायांना तारा बांधून त्यांना भरधाव असताना पाडलं, त्यात कित्येक मेले आणि त्यावरून अमेरिकेत मोठी ओरड झाली. फॉरवर्डात ते कौतुक म्हणून आलंय.