संक्रांतीनंतरचे गोटीएवढे बटाटे: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि बरीच चिडून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. मी बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, लावण्याआधी अंड्यांच्या ट्रेमध्ये उजेडात ठेवून हिरवं करायला सांगितलं, पण हिरवा बटाटा विषारी असतो. टोपलीतला मोड आलेला बटाटा मातीत खुपसला तरी येतो, आईच्या अंगणात आला होता, मग अंड्यांच्या ट्रेचा सोहळा कशाला? आणि सगळं सांगितल्याप्रमाणे करून संक्रांतीनंतर नाशिकच्या सिडकोतल्या गच्चीवर लावलं, तर पाला हा एवढा आणि खाली बटाटे गोटीएवढे.

शेवटचं आधी घेतो, कारण खरा राग तिथेच आहे. सगळं पाळलंत, फक्त महिना सोडून! लागवड दसरा ते दिवाळी असं मी लिहिलं होतं ते उगाच नव्हे. बटाट्याला कंद धरायला रात्री थंड लागतात, साधारण 15 ते 20 अंश. रात्र उबदार झाली की पानांनी दिवसभर केलेलं अन्न झाड श्वसनातच उडवतं, आणि मातीचं तापमान तिशीच्या घरात गेलं की कंद पोसणं जवळजवळ थांबतं. संक्रांतीनंतर लावलेला बटाटा पोसायला लागतो तो मार्चमध्ये. तेव्हा नाशिकची दुपार पस्तिशीला टेकलेली असते. त्यात तुमची ग्रो बॅग (झाड लावायची पिशवी) काळी, खाली तापलेला स्लॅब आणि वर शेणखताचा सढळ हात. नत्र भरपूर मिळालं की झाड पाल्याच्याच नादी लागतं. याउलट डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा उतरला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, आणि शहरातल्या गच्चीवरचा बटाटा त्याच दिवसांत सुखाने पोसतो.

आता विषाचं. हिरव्या बटाट्यात आणि कोंबात सोलॅनिन हे विष वाढतं, शिजवूनही ते जात नाही, म्हणून तो खायचा नाही. हे शंभर टक्के बरोबर. पण बेणं आपण खात नाही. उजेडात हिरव्या झालेल्या बेण्याचं विष नव्या कंदात उतरत नाही. नवा कंद हिरवा होतो तो स्वतः उन्हाला उघडा पडला तर. नवे बटाटे लावलेल्या बेण्याच्या वरच्या बाजूला, जमिनीतल्या खोडातून निघणाऱ्या आडव्या फुटव्यांच्या टोकाला धरतात. म्हणून झाड वीतभर झालं की मातीची भर द्यायची. ती चुकवलीत तर मात्र तुमची भीती खरी ठरेल.

ट्रेचा सोहळा कोंबासाठी आहे. अंधाऱ्या टोपलीत कोंब लांब, पांढरा आणि लेचापेचा येतो. लावताना हात लागला की मोडतो. थेट ऊन न लागणाऱ्या खिडकीत तोच कोंब बोटाच्या पेराहून आखूड, जाड आणि गर्द रंगाचा होतो. डोळ्यांची (कोंब फुटतात त्या खळग्यांची) दाटी असलेलं टोक वर ठेवायचं. पहिला कोंब त्या टोकाचाच येतो आणि बाकीच्यांना दाबून ठेवतो. तो एकटाच उंच गेला तर खुडून टाका, मग बाजूचे डोळे फुटतात. ट्रे नसेल तर सुपात ठेवा, माझा हट्ट उजेडाचा आहे.

टोपलीतला बटाटा येतो का? येतो. तुमच्या आईंच्या अंगणात आला यात नवल नाही. पण बाजारातला बराचसा बटाटा शीतगृहातून येतो आणि कोंब फुटू नयेत म्हणून काही ठिकाणी त्याला औषधाचा धूर दिलेला असतो. (आपल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा विकिरण प्रकल्प आहे, तिथे कांद्याला मोड येऊ नयेत यासाठीच विकिरण देतात.) असा बटाटा महिनोन्महिने ढिम्म राहतो. शिवाय खायच्या बटाट्यात विषाणू आणि मररोगाचे जिवाणू लपलेले असू शकतात, आणि ते पुढे कुंडीच्या मातीत मुक्काम ठोकतात. दोन कुंड्यांची हौस असेल तर टोपलीतला खुशाल लावा. गच्चीभर लावायचा असेल तर बेणं घ्या. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या वाणांपैकी कुफरी लवकर किंवा उष्णता सोसणारा कुफरी सूर्या मिळाला तर उत्तम.

बेणं कोंबडीच्या अंड्याएवढं असेल तर कापूच नका. मोठं असेल तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवा, सुरी दर बटाट्याला पुसून घ्या आणि काप सावलीत दोन दिवस सुकू द्या.

ते गोटीएवढे बटाटे पुढच्या वर्षाला बेणं म्हणून ठेवायचं तुमच्या मनात आहे, असं शेवटच्या ओळीत दिसलं. नका ठेवू. रोगट झाडाचे कंदही असेच बारके राहतात आणि ते ओळखू येत नाहीत. त्यातून घरात ठेवलेले बटाटे नाशिकचा उन्हाळा आणि पावसाळा काढून ऑक्टोबरपर्यंत धड राहत नाहीत. हिरवे बाजूला काढा, उरलेल्यांची सालासकट काळ्या मसाल्यातली भाजी करा. दसऱ्याच्या सुमाराला कृषी सेवा केंद्रात बेण्याची चौकशी करा, आणि या वेळी ग्रो बॅग पांढरी घ्या.