'पुढील स्टेशन ऐरोली' म्हणजे काय?

ठाणे-वाशी लोकलमधली उद्घोषणा एखादं ऑटिस्टिक मूल भरल्या ताटावर बसून जशीच्या तशी, त्याच चालीत म्हणतं. घरचे म्हणतात, उगाच बडबडतंय. उगाच नसतं हो ते. याला इकोलेलिया म्हणतात, आणि 'पुढील स्टेशन ऐरोली'चा अर्थ 'मला इथून उठायचंय' असाही असू शकतो. अंदाज नको, आठवडाभर वही ठेवा: वाक्य कोणतं, त्याआधी काय घडलं, काय केल्यावर ते थांबलं. बहुतेकदा खूण पटते. मग आपण 'उठायचंय' म्हणायचं आणि तक्त्यावरच्या त्या चित्रावर बोट ठेवायचं.

तक्ता म्हणजे काय, तर बोट ठेवून बोलायचा चित्रांचा कागद. ए-फोर कागदावर 20 चौकोन आखा, 12च भरा. रिकाम्या जागा नव्या शब्दांसाठी. जुनी चित्रं हलवायची नाहीत, कारण हाताला जागा पाठ होते. बहुतेक तक्ते इथेच फसतात की केळं, बिस्किट, पाणी एवढंच भरलेलं असतं. तो संवाद नव्हे, हॉटेलचं मेन्यूकार्ड झालं! निम्मे चौकोन अजून, पुरे, थांब, मदत, दुखतंय यांना द्या. आणि मराठीत 'नको' वेगळं, 'नाही' वेगळं. 'भात नको' आणि 'ही माझी बॅग नाही' एकाच फुलीवर ढकलू नका.

'पाणी कुठंय, दाखव बघू' ही परीक्षा बंद. बोलताना आपणच बोट ठेवत राहायचं, मग मनात दहा आकडे मोजून गप्प बसायचं. तिसऱ्या आकड्यालाच आपला धीर सुटतो, खरी अडचण ती.

फोनवर हवं असेल तर आयआयटी मुंबईचं जेलो अ‍ॅप मराठीत आहे, फुकट आहे. 'अशानं मूल बोलायचंच सोडेल' ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. मात्र मुलाचं मनगट धरून कुणी टाइप करून घेत असेल तर सावध. चाचण्यांत ते शब्द धरणाऱ्याचेच निघालेत.

शाळेनं 'मोबाईल चालत नाही' म्हटलं तर 2016चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. त्यातल्या संवादाच्या व्याख्येत पर्यायी साधनंही येतात.

आणि हो, तक्ता लॅमिनेट करताना चारही बाजूंना बोटभर प्लास्टिक सोडा. कडेला कापलात तर जुलैत पाणी शिरून आधी शाईच जाते. दुसरी प्रत दप्तरात.