चांगली शेव परदेशात आपोआप खपत नाही: एका फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

इंदूरच्या व्यापारी आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "इंटरनॅशनल मार्केटिंग शिकण्यात दोन वर्षं घालवू नका. आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक) काढली की तुम्ही निर्यातदार. इथली ५० रुपयांची शेव अमेरिकेत दोन डॉलरला जाते, म्हणजे तिप्पट पैसे. पाकीट तेच चालतं. भारतीय सगळीकडे आहेत, गिऱ्हाईक तयार आहे. एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी) घेतली की पैसे बुडत नाहीत."

पटण्याजोगा मजकूर आहे, कारण त्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे. धंद्याचं नुकसान उरलेल्या अर्ध्यात होतं, आणि ते पहिल्या कंटेनरलाच होतं.

"आयईसी काढली की निर्यातदार"

आयईसी काढणं खरंच सोपं आहे. अर्ज ऑनलाइन, फी ५०० रुपये, आणि क्रमांक म्हणजे तुमचा पॅनच. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती पुन्हा पक्की करावी लागते, नाहीतर तो बंद पडतो. पण ही फक्त भारतातून माल बाहेर काढण्याची परवानगी झाली. अमेरिकेत तो आत घ्यायचा तर कारखान्याची एफडीएकडे, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाकडे, नोंदणी हवी. तिचं नूतनीकरण दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये करावं लागतं. तिथे राहणारा एजंट नेमावा लागतो. समुद्रमार्गे येणाऱ्या प्रत्येक खेपेची आगाऊ सूचना माल पोहोचण्याच्या किमान ८ तास आधी द्यावी लागते. शिवाय २०११ च्या अन्नसुरक्षा कायद्यापासून तिथल्या आयातदारावर परदेशी पुरवठादाराची पडताळणी करण्याची जबाबदारी आहे. म्हणून जाणता आयातदार भावाआधी कारखान्याची फाइल मागतो: धोक्यांचं विश्लेषण, तळणीच्या तेलाच्या तपासण्या, स्वच्छतेच्या नोंदी. आणि एफडीएची नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. पाकिटावर "एफडीए मान्यताप्राप्त" छापणं हा दिशाभूल करणारा दावा ठरतो.

"५० रुपयांची शेव दोन डॉलरला"

इथे सगळ्यात जास्त थांबायला हवं, कारण आकडा खरा आहे आणि निष्कर्ष साफ चुकीचा आहे. २०० ग्रॅमचं एक पाकीट घ्या आणि हिशेबापुरता डॉलर ८५ रुपये धरा. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्यक्षातले भाव दर महिन्याला बदलतात. पद्धत मात्र हीच राहते.

कारखान्यातला भाव ५० रुपये, म्हणजे सुमारे ६० सेंट. निर्यातीचं खोकं, पाकिटात भरायचा नायट्रोजन आणि वेगळं लेबल ६ सेंट. इंदूरजवळच्या पिथमपूरहून न्हावा शेवा बंदरापर्यंतची गाडी, कस्टम एजंट आणि कागदपत्रं ५ सेंट. एफओबी, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतचा भाव, झाला ७१ सेंट. जहाजाचं भाडं आणि विमा १६ सेंट, तिथलं शुल्क १० टक्के धरून ७ सेंट, बंदर आणि गोदाम ६ सेंट. आयातदाराच्या दारात एक डॉलर. त्यावर आयातदार २५ टक्के चढवतो, म्हणजे १.२५. वितरक २० टक्के चढवतो, १.५०. दुकानदार ४० टक्के, २.१०. गिऱ्हाइकाने दिलेल्या १७८ रुपयांतले ५० तुमचे, आणि त्या ५० मध्ये बेसन, तेल, मजुरी आलीच.

जहाजाच्या भाड्यात आणखी एक मेख आहे. शेव हलकी आणि फुगीर असते, त्यामुळे कंटेनर वजनाने भरायच्या आधी जागेने भरतो. २० फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे ३३ घनमीटर, पण खोकी रचल्यावर २७ च्या आसपासच हाती लागते. ४० × ३० × ३० सेंटीमीटरची साधारण ७५० खोकी, प्रत्येकात ३० पाकिटं, म्हणजे साडेचार टन माल. तांदूळ पाठवणारा तेवढंच भाडं वीस टनांहून जास्त मालावर वाटतो.

वरच्या साखळीतला प्रत्येक जण टक्क्यांत नफा घेतो. त्यामुळे आयातदाराच्या दारापर्यंत वाढलेला एक सेंट दुकानाच्या मांडणीवर २.१ सेंट होऊन उतरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं जादा शुल्क आधी २५ आणि मग एकूण ५० टक्क्यांवर नेलं. आपल्या हिशेबात शुल्क १० ऐवजी ५० टक्के ठेवा: वाढ २८ सेंटची, पण मांडणीवरचा भाव २.१० वरून २.६९. गिऱ्हाईक शेजारच्या पाकिटाकडे वळायला एवढं पुरतं.

म्हणून भाव उलटा काढायचा, दुकानातून कारखान्याकडे. शेजारचं पाकीट १.७९ ला असेल तर २.१ ने भागा, ८५ सेंट येतात. बंदराचे ६ आणि जहाजाचे १६ वजा करा, उरलेल्याला १.१ ने भागून शुल्क काढा, मग इकडचे ११ सेंट वजा करा. कारखान्यात सुमारे ३९ रुपये उरतात. तुमची शेव ५० ला पडत असेल तर ती त्या मांडणीवर जाऊ शकत नाही, किंवा तिला जास्त भाव मिळण्याचं कारण पाकिटावर दिसलं पाहिजे. परदेशी बाजाराच्या अभ्यासात हे गणित सुरुवातीलाच करायला लावतात. पहिला कंटेनर सुटल्यावर ते करून उपयोग नाही.

"पाकीट तेच चालतं"

हिंगाचंच पाहा. बाजारात मिळणाऱ्या बंधानी (मिश्र) हिंगात बहुधा मैदा असतो. बेसनाची शेव म्हणून लेबलवर गहू लिहिला जात नाही, उलट "ग्लुटेन फ्री" (गव्हातलं ग्लुटेन प्रथिन नसलेलं) छापण्याचा मोह होतो. अमेरिकेत गहू हा जाहीर करायलाच हवा अशा नऊ ॲलर्जनपैकी (ॲलर्जी आणणाऱ्या घटकांपैकी) एक आहे (तीळ त्या यादीत १ जानेवारी २०२३ पासून आला), आणि ग्लुटेन फ्री म्हणायचं तर ग्लुटेनचं प्रमाण २० पीपीएमच्या (दहा लाखांत २० भागांच्या) खाली लागतं. ॲलर्जन लपला की माल परत मागवावा लागतो, मग चव कितीही अस्सल असो. युरोपची यादी १४ ची, तिच्यात मोहरीही आहे. कॅनडातही मोहरी जाहीर करावी लागते, आणि लेबल इंग्रजी व फ्रेंच दोन्हींत हवं. सौदी आणि अमिरातीला अरबी मजकूर लागतो. शेंगदाणे घातलेलं मिक्श्चर असेल तर अफ्लाटॉक्सिनची (बुरशीतून येणाऱ्या विषाची) मर्यादाच देशागणिक बदलते: थेट खायच्या शेंगदाण्यांसाठी युरोपात एकूण ४ पीपीबी (अब्जात ४ भाग), अमेरिकेत २०. एकाच पोत्यातले दाणे एकीकडे पास आणि दुसरीकडे नापास होऊ शकतात.

मग मुदत. चार महिन्यांच्या मुदतीचं पाकीट इंदूरच्या सराफ्यात ठीक. न्यूयॉर्कला समुद्रमार्गे दीड महिना, बंदर आणि गोदामात आणखी काही आठवडे धरले तर मांडणीवर पोहोचेपर्यंत निम्मी मुदत संपलेली असते, आणि आयातदार सहसा निम्म्याहून जास्त मुदत शिल्लक मागतो. मुदत नुसती छापून वाढत नाही. शेवेतलं तेल प्राणवायूने खवट होतं, म्हणून धातूचा थर असलेली फिल्म, नायट्रोजन आणि ताजं तळणीचं तेल हवं, आणि वाढीव मुदत प्रयोगशाळेत पेरॉक्साइड मूल्य (तेलाच्या खवटपणाचं माप) तपासून सिद्ध करावी लागते. कंटेनरमध्ये दिवसा-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने छताला पाणी धरतं. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या नाहीत तर वरची खोकी भिजतात.

मोठ्या ब्रँडांचा माल जगभर एकच असतो, असा दाखला कुणी दिला तर १९९६ साली भारतात आलेल्या मॅकडोनाल्ड्सकडे पाहावं. त्यांनी इथे गोमांस ठेवलंच नाही, आणि बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर आणला.

"गिऱ्हाईक तयार आहे"

एडिसनच्या ओक ट्री रोडवर, लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर, दुबईच्या करामात भारतीय आहेत हे खरं. पण तिथल्या मांडण्यांवर गुजराती आणि राजस्थानी ब्रँड आधीपासून बसलेले आहेत. आखातात मल्याळी ग्राहक मोठा, त्याला खोबरेल तेलातले केळ्याचे वेफर हवेत. लौंग (लवंगेच्या) शेवेची ओढ असलेला माळव्यातला माणूस या गर्दीत थोडका.

आयातीचे देशवार आकडे कस्टमच्या सहा अंकी कोडवरून मोफत पाहता येतात, पण नमकीन ज्या २१०६९० मध्ये मोडतं त्यात सरबतांचे अर्क आणि इतर अनेक तयार खाद्यपदार्थही येतात. तो आकडा पाहून बाजार मोठा आहे असं ठरवणं धोक्याचं. त्यापेक्षा एका शहरातल्या दहा दुकानांच्या मांडणीचे फोटो मागवा. प्रत्येक ब्रँडचा १०० ग्रॅमचा भाव लिहा आणि पाकिटावरची उत्पादनाची तारीख नक्की पाहा. ताजी तारीख म्हणजे माल फिरतो आहे, पाच महिने जुनी म्हणजे पडून आहे. ही माहिती दुकानदार तोंडाने सहसा देत नाही.

"एलसी घेतली की पैसे सुरक्षित"

एलसीत बँक माल बघत नाही, कागद बघते. इनव्हॉइसमधलं मालाचं वर्णन एलसीशी जुळलं नाही, जहाजात माल चढवायची शेवटची तारीख उलटली, किंवा वेगळी अट नसताना माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद सादर झाले नाहीत, तर बँक पैसे नाकारू शकते. मग निर्णय खरेदीदाराच्या हातात जातो आणि तो सूट मागतो. तोवर कंटेनर बंदरावर, डेमरेज (उशिराचा दंड) चालू, आणि शेवेची मुदत संपत चाललेली. नमकीनचा लहान आयातदार तर सहसा एलसी उघडतच नाही, बँकेचा खर्च त्याला परवडत नाही. तो उधारी मागतो, आणि उधारीचे ९० दिवस हाही भावाचाच भाग असतो. पहिल्या खेपांना निदान ३० टक्के आगाऊ घ्या, उरलेली रक्कम बँकेमार्फत कागदांच्या बदल्यात घ्या, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) खरेदीदाराच्या नावाने न काढता "टू ऑर्डर" काढा, आणि खरेदीदारावर ईसीजीसीची (निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची) मर्यादा मंजूर झाल्याशिवाय गाडी पिथमपूरबाहेर काढू नका.