खुलासा: मणक्यातील ‘चिप’ने दुखणे कायमचे जात नाही

पाठीच्या कण्यात चिप बसवली की जुनाट दुखणे मुळापासून बरे होते, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन या उपचारात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील एपिड्यूरल पोकळीत बारीक इलेक्ट्रोड ठेवले जातात आणि त्वचेखालच्या बॅटरीयुक्त यंत्रातून (यालाच बहुधा ‘चिप’ म्हटले जात असावे) त्यांना विजेचे सौम्य स्पंद दिले जातात, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या संदेशांत फेरफार होतो. दुखण्याचे मूळ कारण मात्र जागच्या जागी राहते. १९६७ साली अमेरिकी मेंदूशल्यचिकित्सक नॉर्मन शीली यांनी ही पद्धत प्रथम रुग्णावर वापरली, तेव्हाही हेतू वेदना शमवण्याचाच होता.

म्हणूनच कायमचे यंत्र बसवण्यापूर्वी काही दिवस तात्पुरते इलेक्ट्रोड घालून चाचणी घेतात, आणि वेदना साधारण ५० टक्के कमी झाली तरच पुढे जातात. हे यंत्र नंतर काढताही येते. जंतुसंसर्ग, इलेक्ट्रोड सरकणे असे धोके यात आहेतच. शिवाय कंबरदुखीसाठी त्याचा दीर्घकालीन उपयोग २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (उपलब्ध वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या अहवालात) सिद्ध झालेला नाही.